शेठची गाडी

पुंजाराम वाकळ्यांना गाडी चालवता येत नव्हती. सायकलपलीकडं कुठलंही वाहन त्यांनी कधी हातात धरलं नव्हतं. त्यामुळं बोईसरजवळच्या सरावलीतल्या त्यांच्या चाळीपुढं एक दिवस काळी, उंच, जर्मन बनावटीची गाडी येऊन उभी राहिली आणि ती त्यांनी विकत घेतलीय असं कळलं, तेव्हा लोक आधी हसले. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याला लॉटरी लागली. कुणी म्हणालं, गावाकडची जमीन रस्त्यात गेली असणार. नळावर बायका बोलल्या, बायको अंथरुणाला खिळलीय आणि ह्यांना हौस सुचतेय.

हौस त्यांना कधीच नव्हती. कन्नड तालुक्यात पिशोरजवळ त्यांचं गाव. मिसरूड फुटायच्या वयात ते बोईसरला आले आणि तारापूरच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीत बॉयलरवर लागले. तिथंच केस पिकले, तिथूनच निवृत्त झाले. लग्न होऊन रत्नाबाई आल्या त्या ह्याच चाळीतल्या दोन खोल्यांत. त्यांनी हळूहळू डबे सुरू केले. मराठवाड्यातून, खानदेशातून आलेली एकटी पोरं कंपन्यांत राबायची, त्यांना बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी कुठं मिळणार? ती रत्नाबाईंकडं मिळायची. एकुलता एक मुलगा विक्रम, सून प्रियदर्शिनी आणि त्यांची लहान मुलगी, सगळे त्याच दोन खोल्यांत. निवृत्तीचे पैसे बँकेत होते आणि ते विक्रमच्या स्वतःच्या घरासाठी आहेत, हे सगळ्यांना न बोलता ठाऊक होतं.

रत्नाबाईंची पाठ दुखायला लागली तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. जन्मभर खाली बसून भाकऱ्या थापल्या, पाठ दुखणारच, असं त्याच म्हणायच्या. मग एका सकाळी पाण्याचा हंडा उचलताना त्यांच्या बरगडीतून काडकन आवाज आला. पालघरच्या डॉक्टरांनी फोटो काढला, रक्त तपासलं, आणि चिठ्ठी देऊन मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथं निदान झालं: रक्ताचा कॅन्सर, पण हाडांना आतून पोखरणारा. डॉक्टर म्हणाले, बरा होणार नाही, पण दर आठवड्याला सुई घेतली तर काही वर्षं काढता येतील.

‘काही वर्षं’ हे शब्द पुंजारामांनी घट्ट धरून ठेवले.

अडचण रस्त्याची होती. बोईसरहून चिल्हार फाट्यापर्यंतचा रस्ता कंपन्यांच्या ट्रक-टँकरांनी पार उखडलेला. पुढं हायवेवर काँक्रीटचं काम चाललेलं, जागोजागी खोदलेलं, एका बाजूला ढकललेली वाहतूक. पहिल्यांदा त्यांना ॲम्ब्युलन्समधून नेलं. मुंबईत जाऊन परत येईपर्यंत रत्नाबाईंच्या पाठीचा एक मणका चेपला होता. नागझरीच्या आसपास एक मोठा खड्डा होता. तिथं त्या ओरडल्या, तसं ओरडणं पुंजारामांनी बाळंतपणातही ऐकलं नव्हतं. त्यानंतर त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला आणि तो घरी पोचेपर्यंत काढला नाही.

पुढच्या वेळी डॉक्टर म्हणाले, “बाबा, यांना धक्का बसता कामा नये. हाडं काचेसारखी झालीयेत.”

“रस्ताच तसा हाये, साहेब,” पुंजाराम म्हणाले.

“मग मुंबईत राहा ना जवळपास.”

तेही केलं. हॉस्पिटलजवळ एका ओळखीच्याच्या ओळखीनं खोली मिळाली. तिसरा मजला, लिफ्ट नाही, संडास जिन्याच्या टोकाला. खुर्चीत बसवून दोन माणसांनी वर न्यायचं, तसंच खाली आणायचं. जिन्याच्या वळणावर रत्नाबाई भिंतीला हात लावून रडायच्या. त्यांनी जेवण सोडलं. म्हणायच्या, “मला घरी न्या. नातीचं तोंड दिसू द्या, मग मारा सुया.” दोन आठवड्यांत परत आणावं लागलं.

मग भाड्यानं मोठी गाडी केली. उंच होती, नवी होती, पण खड्ड्यात आदळायची ती ट्रकसारखीच. रत्नाबाईंनी परत आल्यावर नवऱ्याचा हात धरला आणि शांतपणे सांगितलं, “अवो, आता नका नेऊ. जे व्हायचं ते इथंच होऊ द्या.”

त्याच दिवसांत पुंजारामांना पूर्वीची एक गोष्ट आठवली. कंपनीत एकदा वाफेचा पाइप सुटून त्यांची मांडी भाजली होती. ॲम्ब्युलन्स येईना, तेव्हा शेठनी स्वतःची गाडी दिली होती. मागच्या सीटवर पालथं पडून ते मुंबईपर्यंत गेले. भाजलेल्या मांडीला नुसता वारा लागला तरी जीव जायचा, पण त्या प्रवासात रस्ता असा जाणवलाच नाही. होडीतून चालल्यासारखं वाटलं होतं. ड्रायव्हरला विचारलं तर तो म्हणाला, “ह्या गाडीत स्प्रिंग नाहीत, काका. चारी चाकांवर हवेचे फुगे असतात. खड्डा आला की फुगा तो गिळून टाकतो.”

पुंजारामांनी विक्रमला सांगितलं, “तशी गाडी बघ. जुनी चालंल.”

विक्रम वापीच्या एका कंपनीत शिफ्टला जात होता. त्याला वाटलं, आबा दुःखानं काहीतरी बोलतायत. पण ते रोज विचारू लागले. शेवटी एका रविवारी तो त्यांना मनोरच्या बाजूला, हायवेलगतच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात घेऊन गेला.

तो काळ जुन्या गाड्या विकणाऱ्यांचा होता. नवी गाडी बुक केली तर महिनोन्‌महिने मिळत नव्हती. इकडं रस्त्यांत आणि रेल्वेत जमिनी गेलेल्यांच्या हातात एकदम पैसा आलेला, आणि प्रत्येकाला मोठी गाडी हवी. दहा वर्षं वापरून झालेल्या गाड्या, ज्यांना कुणी दारात उभं केलं नसतं, त्या पुसूनपासून, टायर काळे करून ओळीनं मांडलेल्या असायच्या. त्यांचे भाव ऐकून विक्रम दर वेळी बापाचा हात धरून बाहेर यायचा. पुढच्या रविवारी गेलं की तीच गाडी अजून महाग झालेली असायची, नाहीतर विकली गेलेली.

“काका, थांबलात की गेलात,” बाजारातला विपुल नावाचा दलाल त्यांना म्हणाला. तिशीतला, गोड बोलणारा माणूस होता. “लोक बघायला पण येत नाहीत आता. फोटो पाठवतो, टोकन येतं.”

हवेच्या फुग्यांची गाडी त्याच्याकडं एकच होती. काळी. आत चामड्याच्या सीट, लाकडी पट्ट्या, वर काचेचं छत. विक्रमनं किंमत विचारली आणि ऐकून तो नुसता हसला.

“आबा, एवढ्यात वन-रूम किचन येतं.”

पुंजारामांनी ते ऐकलं न ऐकलं केलं. त्यांनी विपुलला विचारलं, “मला मागच्या सीटवर झोपून बघायचंय. चालंल का?”

विपुलला हसू आवरेना. पण त्यानं चावी दिली आणि स्वतः पुढं बसला. विक्रम चालवू लागला. पुंजाराम चपला काढून मागच्या सीटवर आडवे झाले. कुशीवर वळले, रत्नाबाई झोपतात तसे, गुडघे पोटाशी घेऊन. डोळे मिटले.

“नागझरीकडं घे,” ते म्हणाले. “तो मोठा खड्डा आला की सांग मला.”

गाडी चालत राहिली. आत एसीचा बारीक आवाज होता आणि बाकी काही नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, “आला का रं?”

“गेला, आबा,” विक्रम म्हणाला. “मागंच गेला.”

पुंजाराम उठून बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते विपुलनंही आरशात पाहिलं. त्यानंतर भाव कमी करायचा प्रश्नच उरला नाही. विक्रमनं बाहेर नेऊन समजावलं. गाडी जुनी आहे, तिचं काही बिघडलं तर इथं कुणाला दुरुस्त करता येणार नाही, हे पैसे संपले की आपल्याकडं काही नाही. पुंजाराम सगळं ऐकून म्हणाले, “तुझं घर मी खाल्लं, हे मला माहीत हाये. पण तुझ्या आईला त्या खड्ड्यात मी परत नाही घालणार.”

विक्रमनं आत जाऊन व्यवहार ठरवला. प्रियदर्शिनीला त्यानं घरी येऊन सांगितलं, तेव्हा ती मोरीत भांडी घासत होती. ती तशीच घासत राहिली आणि थोड्या वेळानं एवढंच म्हणाली, “आईंना सांगू नका. त्या बसणार नाहीत.”

ते खरंच होतं. नवऱ्यानं सगळी शिल्लक मोडून गाडी आणली हे कळलं असतं, तर रत्नाबाईंनी तिला पायही लावला नसता. म्हणून पुंजारामांनी त्यांना सांगितलं, “शेठनी दिलीय. तुझ्या दवाखान्यासाठी, लागेल तितके दिवस वापरा म्हणले.”

रत्नाबाईंना ते पटलं. भाजल्यावेळची गाडी त्यांना आठवत होती. त्यांनी हात जोडले. “देव त्यांच्या लेकराबाळांचं भलं करो. एवढ्या वर्षांनी माणसाला आठवण हाये.”

शेठना आठवण नव्हती. ते केव्हाच मुंबईला राहायला गेले होते, कंपनी त्यांचा मुलगा बघत होता, आणि गेटवरच्या नव्या पोरांनी पुंजारामांना आतही सोडलं नसतं. पण पुंजाराम त्या दिवशी नळावर गेले आणि पाणी भरणाऱ्या बायकांपुढं हात जोडून उभे राहिले. “तिला सांगू नका गं बायांनो. शेठची गाडी हाये असं सांगितलंय मी.” एकीनं त्यांची बादली भरून दिली. त्या दिवसापासून चाळीत त्या गाडीला सगळे ‘शेठची गाडी’च म्हणू लागले, पोरंसुद्धा.

सुईच्या पहिल्या गुरुवारी रत्नाबाईंना चादरीच्या झोळीतून उचलून मागच्या सीटवर ठेवलं. प्रियदर्शिनी खाली पायाशी बसली. बेटेगाव गेलं, मान गाव गेलं, नागझरी गेली. चिल्हार फाट्याला विक्रमनं मागं वळून पाहिलं आणि बापाला खूण केली. रत्नाबाई झोपल्या होत्या. तोंड थोडं उघडं, श्वास एका लयीत. आजारपणात त्या अशा कधी झोपल्या नव्हत्या. मुंबई येईपर्यंत गाडीत कुणी आवाज केला नाही.

असे चार-पाच महिने गेले. सुया चालू राहिल्या. रक्ताचे आकडे सुधारले. रत्नाबाई उशीला टेकून बसू लागल्या, नातीची वेणी घालू लागल्या. एका रविवारी त्या म्हणाल्या, एवढी वर्षं बोईसरला काढली पण केळव्याचा समुद्र काही पाहिला नाही, डबे सोडून कधी जाताच आलं नाही. विक्रमनं गाडी काढली. “शेठ रागवायचे नाहीत ना, डिझेलचं?” त्यांनी दोनदा विचारलं. सुरूच्या झाडांपाशी गाडी लावली, दाराची काच खाली केली. मुंबईहून आलेल्या लोकांची पोरं घोड्यावर बसत होती. रत्नाबाईंनी बराच वेळ पाण्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, “लई मोठा हाये हो.” एवढंच. परतताना त्यांनी दोन शहाळी घ्यायला लावली, एक शेठना द्यायला.

कारण शेठना काहीतरी द्यावं, हे त्यांच्या मनानं घेतलं होतं. स्वतःला उठता येत नव्हतं, तर त्या प्रियदर्शिनीला पुढ्यात बसवून सांगायच्या, पीठ असं मळ, भाकरी अशी फिरव, पापुद्रा सुटला पाहिजे. दोन भाकऱ्या, चटणी, कधी शेंगदाण्याचा म्हाद्या, म्हणजे दाण्याच्या कुटाचं तिखट, दाट कालवण. फडक्यात बांधून डबा पुंजारामांच्या हातात. “शेठना गरम गरम पोचवा.”

पुंजाराम सायकलवरून निघायचे. एमआयडीसीत आपल्या जुन्या कंपनीच्या गेटवरून पुढं जायचे आणि नाल्याच्या कडेला, टँकर उभे असतात तिथं, एका झाडाखाली बसायचे. डबा उघडायचे. ती भाकरी टाकून द्यायला हात धजायचा नाही आणि घशाखालीही उतरायची नाही. पाण्याच्या घोटाबरोबर एकेक घास ढकलायचे. रिकामा डबा घेऊन घरी आलं की रत्नाबाई विचारायच्या, “काय म्हणले?”

“आवडली म्हणले.”

“कडक तर नव्हती झाली?”

“नाही गं. म्हणले, अशी भाकरी मुंबईत मिळत नाही.”

मग रत्नाबाईंच्या चेहऱ्यावर जे समाधान यायचं, ते बघवायचं नाही. प्रियदर्शिनी उठून मोरीत जायची.

पाऊस लागून बरेच दिवस झाले होते तेव्हाची गोष्ट. सकाळी पुंजाराम दात घासत बाहेर आले, तर गाडी एका अंगावर बसलेली. म्हैस पुढचा पाय मुडपून बसते तशी. विक्रमनं चालू केली, गाडीखालून घरघर आली, थोडी उचलली आणि पुन्हा सुस्कारा टाकून खाली गेली.

बोईसरच्या गोमा मिस्त्रीला बोलावलं. तो अंगाखाली पोतं टाकून खाली शिरला आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, “काका, फुगा फाटलाय. पन ता आपल्या हातातलं नाय. ह्याचा सामान इकडं मिलत नाय, बाहेरून मागवायला लागते.” मग जरा थांबून म्हणाला, “आनि दुसरा सांगू? ही गाडी पुराच्या पान्यात बुडलेली हाय. खाली वायरींवर चिखल हाय बगा, आजून वाळलेला. कितीला घेतली?”

पुंजारामांनी आकडा सांगितला. गोमानं पोतं झटकलं, घडी घातली आणि आपल्या फेरीचे पैसे घेतले नाहीत.

बापलेक विपुलकडं गेले. त्यानं चहा मागवला. तो ओरडला नाही, उद्धट बोलला नाही. म्हणाला, “काका, मलाही ती दुसऱ्याकडून तशीच आली होती. बाजार असा होता की मीच बघत नव्हतो, लोक हातातून ओढून नेत होते. कागदावर लिहिलंय, जशी आहे तशी. आणि तुम्ही तर झोपून बघितली होती.”

“परत घे ना मग,” विक्रम म्हणाला. “कमी पैशात घे.”

“आता नाही घेता येणार, भाऊ. नव्या गाड्या मिळायला लागल्या. माझ्याच बघ किती उभ्या आहेत.”

खरंच उभ्या होत्या. पावसात भिजत, ओळीनं.

विक्रमनं कंपनीतून उचल घेतली, प्रियदर्शिनीनं पाटल्या गहाण ठेवायला काढून दिल्या. मुंबईतल्या एका गॅरेजनं फुगा मागवून बसवला. त्यात एका आठवड्याची सुई चुकली. गाडी उभी राहिली, दोन गुरुवार चालली, आणि मग मागचा फुगा गेला. गॅरेजवाला म्हणाला, चारही एकाच वयाचे आहेत, एकेक करत सगळे जाणार, पंपही जाणार. आता घरात विकण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पुढची सुई चुकली. तिच्या पुढचीही. हॉस्पिटलमधून फोन आला, की मध्येच थांबलात तर आजार उसळी घेईल.

गोमानं विक्रमला एक तोड सुचवली होती. फुगे काढून टाकायचे आणि लोखंडी स्प्रिंगा बसवायच्या. स्वस्तात होईल, गाडी पळेल. विक्रमनं बापाला विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, आणि नाही म्हणून पुढं काय करायचं हे त्यांनाही माहीत नव्हतं. त्याला वाटलं, गाडी जड आहे, सीट मऊ आहे, एवढं काही जाणवणार नाही. निदान सुई तरी मिळेल.

“झाली दुरुस्त?” पुंजारामांनी विचारलं.

“झाली,” विक्रम म्हणाला.

गुरुवारी रत्नाबाईंना नेहमीसारखं उचलून ठेवलं. त्या उत्साहात होत्या, नातीला पापा देऊन निघाल्या. गाडी चाळीच्या गल्लीतून मुख्य रस्त्याला लागली आणि पहिल्याच खड्ड्यात आदळली. रत्नाबाईंच्या तोंडून आवाज आला. विक्रमनं वेग अगदी बैलगाडीसारखा केला. मागचे टँकर हॉर्न वाजवू लागले. बेटेगावपर्यंत जाईतो त्या तीनदा ओरडल्या, आणि चौथ्यांदा ओरडल्याच नाहीत, नुसते डोळे फिरले. प्रियदर्शिनी रडत म्हणाली, “थांबवा हो. थांबवा.”

विक्रमनं गाडी कडेला घेतली. पुंजाराम खाली उतरले. वाकून त्यांनी चाकाच्या वरच्या पोकळीत पाहिलं. नवी कोरी, हिरव्या रंगाची लोखंडी स्प्रिंग होती. त्यांनी मुलाकडं पाहिलं. विक्रम स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता. बाप त्याला एक शब्दही बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं, असं विक्रमला पुढं कितीतरी दिवस वाटत राहिलं.

तिथूनच मागं फिरले.

त्या दिवसापासून रत्नाबाई उठल्या नाहीत. पण दुखण्यापेक्षा त्यांना दुसऱ्याच गोष्टीचा घोर लागला. “शेठची गाडी आपल्यामुळं बिघडली,” त्या म्हणत. “एवढी भारी वस्तू. त्यांना सांगितलं का? ते काय म्हणले? भरून मागतील का हो?” सकाळी तेच, दुपारी तेच. दुखणं कमी करायच्या गोळ्यांनी डोळे मिटायचे, उघडले की पुन्हा तेच. माफी मागायला जा म्हणून पुंजारामांच्या मागं लागल्या.

पुंजारामांना ते सहन होईना. त्यांना वाटलं, खरं सांगितलं तर निदान हा घोर तरी सुटेल. एका दुपारी घरात दोघंच होते. ते अंथरुणाशी बसले.

“रत्ना, गाडी शेठची नाही. आपलीच हाये.”

त्या बघत राहिल्या.

“आपली? कुठून आली?”

“मी घेतली.”

“कशाच्या पैशानं?”

पुंजारामांनी खाली पाहिलं. रत्नाबाईंना तेवढ्यावरून कळलं. त्यांची नजर खोलीभर फिरली. माळ्यावरची ट्रंक, दोरीवरचे नातीचे कपडे, पडद्यापलीकडं विक्रम-प्रियदर्शिनी निजायचे ती जागा.

“मला विचारायचं तरी,” त्या म्हणाल्या.

“तू बसली असतीस का?”

“नसते बसले.”

“म्हणून तर.”

“आन् भाकऱ्या?” त्यांनी एकदम विचारलं. “भाकऱ्या कोण खायचं?”

“मीच.”

रत्नाबाईंनी मान भिंतीकडं वळवली. त्या रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. संध्याकाळी प्रियदर्शिनी पेज घेऊन आली, तेव्हा त्यांनी तिचं मोकळं मनगट हातात धरलं, पाटली होती तिथं अंगठा फिरवला आणि पेज परत पाठवली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पालघरला भरती करा, सलाइन तरी लावू. त्या म्हणाल्या, “आता माझ्यावर एक पैसा घालाल तर माझी शपथ हाये.” त्यानंतर त्या पुंजारामांशी फार बोलल्या नाहीत. पाणी हवं असलं तर नातीला सांगायच्या. दसऱ्याच्या आत त्या गेल्या.

माती करायला गावाकडचे भाऊबंद आले. दारातली गाडी बघून ते एकमेकांकडं पाहत होते. एक चुलतभाऊ म्हणाला, “पुंजा, एवढी गाडी असून वहिनीला दवाखान्यात नाही नेता आलं?” पुंजारामांनी हो म्हणून मान हलवली. दुसरं काय सांगणार?

गाडी बरेच दिवस तशीच उभी होती. विपुलनं फोन उचलणं बंद केलं होतं. बघायला येणारे बोनेट उघडून, खालचा चिखल बघून निघून जायचे. पुंजाराम त्यांना स्वतःच पुराचं सांगायचे, विक्रम चिडायचा. शेवटी वाणगावच्या एका माणसानं ती सुट्या भागांसाठी उचलली. चामड्याच्या सीट त्यानं तिथंच उपटून टेम्पोत टाकल्या. जे पैसे आले त्यात प्रियदर्शिनीची एक पाटली सुटली, दुसरी नाही.

विक्रम वापीला राहायला गेला. तिथं भाड्याची खोली घेतली, मुलीला शाळेत घातलं. वडिलांना चला म्हणाला, मनापासून म्हणाला, पण पुंजाराम गेले नाहीत. त्यांना एका गोदामावर वॉचमनचं काम मिळालं, दिवसपाळीचं. गेटवर बसायचं, आलेल्या गाडीचा नंबर बघून साखळी सोडायची. चाळीतल्या बायका कधी भाजी आणून देतात. भाकरी ते स्वतः थापतात, पण ती तव्यावर टाकताना मोडते, मग तुकडेच भाजून घेतात.

रविवारी विक्रमचा फोन येतो. दोघंही रत्नाबाईंचं नाव काढत नाहीत, गाडीचं तर नाहीच. पाणी येतं का, पगार झाला का, पोरगी काय म्हणते, एवढ्यावर बोलणं येऊन थांबतं. मग दोघंही काही वेळ फोन कानाला धरून नुसते बसून राहतात. विक्रमच्या बाजूला कधी टीव्ही लागलेला असतो, पुंजारामांच्या बाजूनं रस्त्यावरचे ट्रक ऐकू येतात.

“ठेवू का, आबा?” विक्रम विचारतो.

“ठेव,” पुंजाराम म्हणतात.